निरोगी माणसाची थुंकी

नाही, नाही, ताई, ती नळी आधी खाली ठेवा. ठेवा त्या स्टुलावर. आणि मला एक सांगा, हे सगळं पुन्हा पहिल्यापासून मीच का सांगायचं? मोठ्या मॅडमना सांगून झालं, कार्यालयातल्या त्या चष्मेवाल्याला सांगून झालं, आता तुम्ही — तुम्ही प्रयोगशाळेत लागून आठ दिवस झाले नसतील आणि म्हणता, “काका, तुमच्या शब्दांत सांगा.” माझे शब्द! चौथीत शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर आमच्या घरात अजून वाद आहे, आणि तुम्हाला माझे शब्द हवेत. थुंकी न्यायला आलात ना? मग थुंकी न्या आणि मोकळ्या व्हा. — आत्ता नाही! आत्ता कशी येईल? थुंकी काय नळाला येते? माणूस जरा बसेल, बोलेल, तोंड ओलं होईल, मग बघू. बसा तुम्ही. त्या खुर्चीवर नको, ती माझी. तिच्यावर बसलात तर आमची ही तुम्हालाही फिनेलनं पुसून काढेल. या गॅलरीत जेवढं म्हणून दिसतंय — खुर्ची, पेला, ताटली, ही उशी — सगळं माझं वेगळं काढलेलं आहे. स्वतःच्या घरात पाहुणा नाही, ताई, स्वतःच्या घरात संसर्ग झालोय मी.

मी कोण ते तरी सांगून पाठवलंय का तुम्हाला? कुकरवाला. तळमजल्यावर, जिन्याच्या मागची खोली. तिथे माणूस उभा मावेल एवढा कुकर आहे. त्याचं खरं नाव लांबलचक आहे, मला ते घेता येत नाही, आणि ज्यांना घेता येतं त्यांना कुकर लावता येत नाही. वरच्या तीन मजल्यांवर जेवढ्या म्हणून बाटल्या, नळ्या, काचेच्या बश्या तुम्ही लोक खराब करता, त्या जंतूंसकट माझ्याकडे येतात. मी त्या पेट्यांत भरतो, आत ढकलतो, वाफ सोडतो, दाब चढवतो — वीस मिनिटांत जंतूंचं खानदान साफ. एकतीस वर्षं. प्रत्येक पेटीवर मी एक चिकटपट्टी लावतो. वाफ नीट लागली की त्या पट्टीवर काळ्या रेघा उठतात. नाही उठल्या तर पेटी परत आत. मॅडम असोत नाहीतर मॅडमचे साहेब असोत, पट्टीवर रेघ नाही तर माझ्या दारातून बाटली बाहेर जात नाही. निवृत्त झालो, तर नव्या माणसानं पहिल्याच आठवड्यात दोनशे प्लास्टिकच्या नळ्यांचा एकच गोळा केला. तो गोळा अजून खिडकीत ठेवलाय, शोभेला. मग मला परत बोलावलं. किल्ली परत हातात दिली. तेव्हा रंग बदलणारा कागद म्हणजे काय, ते मला शिकवू नका. तुमच्या मॅडमनी तो आत्ता काढला, मी एकतीस वर्षं त्याच्यावर पोट भरलंय.

हां, तो कागद. बोटाच्या पेराएवढा, पिवळा. मॅडम एकदा खाली बाटल्या मोजायला आल्या तेव्हा मी विचारलं, “मॅडम, एवढ्या बाटल्या रोज रोज कसल्या?” म्हणाल्या, “काका, जंतूंचा रस काढतोय.” म्हटलं, “वा! मी खाली जंतू मारायचे आणि तुम्ही वर त्यांचा रस काढायचा?” हसल्या. चांगल्या आहेत तशा, हसतात. म्हणाल्या, “काका, जंतू म्हणजे एक बारकासा कारखाना. आम्ही त्याच्या भिंती फोडतो, आतली यंत्रं तेवढी घेतो आणि कागदावर गोठवून सुकवतो. जंतू गेला, यंत्रं राहिली. कागदावर थेंब पडला की ती जागी होतात. आणि त्यांच्यासाठी आम्ही एक हुकूम लिहून ठेवलाय — घसा धरणारा तो अमुक जंतू थुंकीत सापडला तर जांभळा रंग करा, नाही सापडला तर गप्प बसा.” म्हटलं, “म्हणजे मालक मेला तरी दुकान चालू.” हे त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि पुढे कुठल्याशा सभेत सांगितलं — माझं नाव न घेता. असू दे. त्याची मला गरज नाही. थुंकी पाच मिनिटं गरम पाण्यात धरायची, कागदावर थेंब सोडायचा, तासाभरात उत्तर. वीज नको, यंत्र नको, डॉक्टर नको, एका चहाच्या पैशात काम. का तर म्हणे पोरांचा घसा दुखतो, आई म्हणते थंड प्यायलास, आणि तो जंतू काही पोरांच्या बाबतीत मुकाट पुढे जाऊन थेट हृदय धरतो. तसली पोरं वेळेत सापडायला हवीत. — हे काम चांगलं आहे, ताई. मी नावं ठेवणारा माणूस आहे, सगळ्यांना ठेवतो, पण या कामाला मी नाव ठेवलेलं नाही.

आता माझी थुंकी त्यात कशी गेली? रजेच्या कारकुनामुळे. कागदाचा नवा लॉट निघाला की आधी निरोगी माणसाच्या थुंकीवर बघायचा. पिवळा राहिला तर लॉट चांगला. मग निरोगी माणूस कोण? वर सगळे कोणी शिंकतंय, कोणी खोकतंय, एकाला तर फुलांचा फोटो बघूनसुद्धा सर्दी होते. तेव्हा या कारकुनानं रजांचं पुस्तक उघडलं आणि बोट ठेवलं — कुकरवाले काका, एकतीस वर्षं, आजारपणाची रजा शून्य. शून्य, ताई! वर्षाअखेरीला साहेबांनी हार घातला होता त्या शून्याला. मॅडम म्हणाल्या, “काका, तुम्ही आमचे प्रमाण.” प्रमाण म्हणजे काय ते मला नीट कळलं नाही, पण छाती फुगली. घरी येऊन हिला सांगितलं, “आजपासून मी प्रमाण आहे.” ही म्हणाली, “कशाचं?” म्हटलं, “निरोगीपणाचं.” ही म्हणाली, “मग गोळी घेतलीत का सकाळची?”

कसली गोळी म्हणजे — काही नाही, साधी. अहो, या वयात सगळेच घेतात. दाबाची. कुकराच्या नाही, माझ्या. सहा वर्षं झाली. ते तुम्ही लिहू नका. आजारपणाची रजा शून्य हे खरंच आहे, पुस्तकात बघा. बरं नसलं की मी घरगुती कारण लिहायचो. मेहुणीच्या मुलीचं लग्न. — तीनदा. तीन वेळा लग्न झालं तिचं आमच्या पुस्तकात, आणि कारकुनानं तिन्ही वेळा “अभिनंदन” म्हणून सही केली. डोकं आहे का त्याला? पहिल्याच लग्नाला तीन वर्षं झालीत, दुसरं कसं लागलं, असं विचारू नये माणसानं? एकदा मला फणफणून ताप होता आणि मी पडल्या पडल्या हिला सांगतोय, रजेच्या अर्जात लिही, नवऱ्याकडची माणसं फार चांगली आहेत.

तर ती गोळी. तिच्यानं तोंड कोरडं पडतं. डॉक्टर म्हणाले पडेल, पडलं. आता आली का पंचाईत? रोज सकाळी सहाला मी कुकर तापवायला जायचो, आणि मॅडमची माणसं नळी घेऊन उभी. या रेघेपर्यंत भरा. बघा बरं ही रेघ! एवढं पाणी माझ्या डोळ्यांतून कधी आलं नाही, तोंडातून कुठून येणार? पहिल्या दिवशी मी अर्धा तास बसलो. समोर तिघं. एकजण घड्याळ बघतोय. मॅडमनी लिंबू कापून नाकाखाली धरलं — त्यांच्याच तोंडाला पाणी सुटलं, त्या गिळतायत, तो घड्याळवाला गिळतोय, मी आपला कोरडा. एकतीस वर्षांचा शून्यवाला माणूस, ताई, आणि त्याला थुंकता येत नाही. रस्त्यानं जाणारा कोणीही सोम्यागोम्या थुंकतो! लाज वाटली. म्हटलं, “मॅडम, तुमच्यासमोर थुंकणं मला बरं दिसत नाही. उद्यापासून घरून घेऊन येतो.” त्यांना वाटलं, केवढा सभ्य माणूस.

हो, मग घरून आणायचो. रोज. भरलेली, रेघेच्या वर. — कशी म्हणजे? सकाळी उठायचं, कोचापाशी जायचं, त्याला नळी द्यायची — त्याला म्हणजे — ते दार जरा लोटून घ्या हो. लोटलं? नीट लोटा, कडी लागत नाही ती. काही नाही गं! बोलतोय त्यांच्याशी! हो, तोंडाला फडकं लावून बसल्यात त्या! — बघितलंत? आठ वेळा विचारते दिवसातून.

हळू बोला. आत कोचावर जो पसरलाय ना, हिरवा सदरा, तो माझा साडू. आम्ही त्याला भोंगा म्हणतो. बसस्थानकावर गाड्यांची नावं पुकारायचा, पस्तीस वर्षं. अजून घरात पुकारतो — “जेवण फलाट क्रमांक एकवर येत आहे.” मेहुणी मुलीकडे गेली राहायला, शांततेसाठी, हा आमच्याकडे आला आठ दिवसांसाठी, त्याला दोन वर्षं झाली. पण तोंड? तोंड म्हणजे धरण. एवढं बोलून बोलून त्याच्या जबड्यात काय यंत्र बसलंय कोण जाणे, बोलताना समोरच्यावर शिंतोडे उडतात. मी नळी पुढे केली तर डोळे मिटूनच भरून दिली. दहा सेकंद. वर म्हणतो, “आणखी हवी?”

आता तुम्ही असं बघू नका. थुंकी ती थुंकी, मला काय माहीत माणसागणिक फरक पडतो? शिवाय तो खोकत नाही, शिंकत नाही, तीन माणसांचं जेवतो. मला वाटलं माझ्यापेक्षा हाच जास्त निरोगी आहे. मी तर उलट मॅडमना चांगला माल देत होतो.

आणि मग कागद जांभळे व्हायला लागले. पहिला लॉट — जांभळा. मॅडम म्हणाल्या, कागद चुकला. काकांच्या थुंकीवर जांभळा होतो म्हणजे कागदच वेडा. लॉट कुकरात. दुसरा लॉट — जांभळा. रस बदलला, हुकूम नव्यानं लिहिला. तिसरा — जांभळा. आणखी दोघांची थुंकी होती, त्यांच्यावर छान पिवळा राहायचा. पण त्या दोघांना अधूनमधून सर्दी तरी व्हायची, आणि मी म्हणजे शून्य! माझ्यावर कोण संशय घेणार? चार महिने, ताई. अकरा लॉट. शिकलेली माणसं, भिंतीवर प्रमाणपत्रं लावलेली, समोर कागद बोंबलून सांगतोय की या थुंकीत जंतू आहे, आणि हे लोक म्हणतायत, छे, रजेच्या पुस्तकात तसं नाही. कागदाची नजर मुद्दाम अधू करत नेली त्यांनी. शेवटी शेवटी तो इतका मंद झाला की खऱ्या आजारी पोराच्या थुंकीवरसुद्धा झोपून राहायचा. मॅडम वाळल्या. आणि ते अकरा लॉट, त्यांच्या बाटल्या, त्यांच्या बश्या — उकळल्या कोणी? मी! दुप्पट काम! मीच वर जाऊन भांडलो, “मॅडम, तुम्हाला जमत नसेल तर सोडा, माझी कंबर गेली.” तेव्हा त्या रडल्या थोड्या. मला वाईट वाटलं, म्हणून दुसऱ्या दिवशी मी भोंग्याकडून नळी गच्च भरून नेली.

मग समितीची तारीख आली जवळ. कागद चालतो का ते बघायला बाहेरची माणसं येणार, आणि कागद तर आंधळा. मॅडमनी काय केलं, घायकुतीला येऊन माझी थुंकी मोठ्या रुग्णालयात पाठवली, महागड्या तपासणीला. दोन दिवसांनी मी पेट्या बाहेर काढतोय तर मॅडम धावत खाली. केस सुटलेले, चप्पल एकच. माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहून ओरडल्या — “काका! काका, तुम्ही आजारी आहात!” आणि आनंदानं रडायला लागल्या.

मागून सगळे. “काका जंतूंनी भरलेत! कागद पहिल्यापासून बरोबर होता!” नाचले, ताई. त्या जिन्याखाली, एवढ्याशा जागेत. तो घड्याळवाला मला मिठी मारायला आला — दोन्ही हात पसरून आला, अर्ध्यावर त्याच्या लक्षात आलं, आणि तिथेच थांबला, झाडासारखा. मग हळूहळू सगळे माझ्यापासून दोन दोन हात मागे सरकले. मग हातमोजे आले. मोजे घालून त्यांनी माझ्या कमरेची किल्ली काढून घेतली, आणि काय केलं असेल? माझ्याच कुकरात टाकून उकळली! चिकटपट्टी लावून! मी म्हटलं, “पट्टी उलटी लावलीत.” तेवढंच बोललो. मॅडम म्हणाल्या, “काका, घरी जा, औषध घ्या. तुमची थुंकी पिवळी आली की किल्ली तुमचीच.”

तेव्हाच का नाही सांगितलं? वा. काय सांगणार? मॅडम, मी चार महिने तुम्हाला फसवलं, ती थुंकी माझ्या साडूची? प्रमाण कसलं, मी दाबाच्या गोळ्या खाणारा म्हातारा आहे, आणि ती मुलगी एकदाच लग्न झालेली आहे? मग किल्ली आली असती का परत? त्या खोलीशिवाय मी करू काय? घरात भोंगा, बाहेर ऊन. तेव्हा म्हटलं, औषध घेऊन टाकू, कोणाला काय कळतंय. दहा दिवस गोळ्या खाल्ल्या — नसलेल्या आजाराच्या! एकेक गोळी केवढी, गिळताना डोळे बाहेर. पोटाचे हाल विचारू नका. आठ दिवस मी कुठल्याच खुर्चीवर भरवशानं बसलो नाही. अकराव्या दिवशी नळी आली. भरायला बसलो — कोरडा. त्या गोळ्यांनी आणखीच कोरडा. तासभर बसलो, जीभ आपटत. मग काय केलं?

हो. तेच केलं. आता तुम्हाला हसू येतंय ते या फडक्यातूनसुद्धा दिसतंय मला. पुन्हा त्यालाच दिली. आणि पुन्हा जांभळी! मग इंजेक्शनं. तीन. डाव्या कुल्ल्यावर अजून गाठ आहे. दुसरी नळी — पुन्हा जांभळी. आता म्हणे मॅडम लिहितायत की काकांच्या घशात कुठल्याच औषधाला न जुमानणारा नवा जंतू आहे. परदेशातून कोणी माणूस येणार आहे माझ्या घशात बघायला. मला चौथीत काही आलं नाही, ताई, आणि आता माझ्या घशावर पुस्तक होणार. म्हणून तुम्हाला पाठवलंय ना, समोर बसून, डोळ्यांदेखत भरून घ्यायला? माहीत आहे मला. बोलतोय तेवढा वेळ ढकलतोय मी. बोलल्यानं तर आणखीच वाळतंय.

पण खरं सांगू का, त्या औषधांचं काही नाही. कुल्ल्याचंही नाही. त्या दिवशी रुग्णालयाचा कागद घेऊन घरी आलो, हिनं मोठ्यानं वाचला, सून घाबरली, नातीला उचलून आत नेलं. नात सहा वर्षांची. चार महिन्यांत तिचा घसा तीनदा धरला होता, ताप चढला होता. सगळ्यांना एकदम उत्तर सापडलं — आजोबा! ही म्हणाली, “एवढ्याशा पोरीला दिलंत तुम्ही.” आणि तो भोंगा, कोचावर बसून, ज्याची थुंकी तो, ज्याला पक्कं ठाऊक की नळीत कोणाचं होतं — त्यानं काय केलं? त्यानं त्याचा चहाचा पेला उचलला, माझ्या पेल्यापासून लांब, टेबलाच्या पार त्या टोकाला नेऊन ठेवला. सगळ्यांदेखत. आणि म्हणतो, “आता तुमच्यापासून जपायला हवं, भाऊजी.” मी काय बोलणार? बोललो तर किल्ली गेली. मी माझा पेला घेऊन इथे गॅलरीत आलो. तेव्हापासून इथेच.

नात येते काचेपलीकडे. काचेला नाक लावते. मी इकडून बोट फिरवतो, ती तिकडून. आत यायची तिला बंदी. आणि मग जाते धावत, त्याच्या मांडीवर बसते. तो तिला गाड्या पुकारायला शिकवतो, तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन. तिच्याच पेल्यातून दूध पितो, उरलं तर. मी इथून सगळं बघतो. परवापासून ती पुन्हा गिळताना मान वाकडी करते. पुन्हा, ताई. चौथ्यांदा. आणि ही म्हणते, काचेतूनसुद्धा जातं की काय तुमचं.

मला कळत नव्हतं असं नाही. इंजेक्शनाच्या दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. एकतीस वर्षं जंतूंबरोबर काढली, जंतू कुठून कुठे जातो एवढं मला शाळेशिवाय कळतं. वीस दिवस झाले त्याला. वीस दिवस मी इथे बसून बघतोय आणि मनात म्हणतोय, या खेपेला पिवळी येईल, किल्ली मिळेल, मग बघू. अशी पेटी मी कोणाच्या हातात दिली नसती कधी. रेघ न उठलेली. मॅडमना दिली नसती. आणि स्वतःच्या नातीला —

द्या ते इकडे. नळी नाही, तुम्ही लिहीत होतात तो कागद. पुसू नका, अहो, उलट नीट लिहा, मी सही करतो. लिहा — आधीची सगळी थुंकी साडूची. लग्न एकदाच झालं. गोळी रोज. आणि नवा जंतू वगैरे काही नाही, परदेशातल्या माणसाला म्हणावं घरी थांब. मॅडमना म्हणावं कागद पहिल्याच लॉटला बरोबर होता. पहिल्या लॉटसारखा जो पुन्हा बनवलाय, तोच न्या समितीकडे, पुढे ढकललेल्या तारखेला. किल्ली... किल्ली द्या कोणालाही. फक्त प्लास्टिकच्या नळ्या कोणत्या तापाला ठेवायच्या ते त्याला लिहून देतो मी. वेळ नाही आता, तुम्ही उठा. पिशवीत तो कागद आहे ना, पिवळा? दोन काढा. एक नातीचा. ती थुंकेल, हसत थुंकेल, तिला सांगा आजोबांनी सांगितलंय. आणि जांभळा आला तर आजच्या आज औषध, उद्या नाही. दुसरा त्याचा. नाही म्हणेल तो. म्हणेल, मी ठणठणीत आहे. तुम्ही नुसती नळी पुढे करा, त्याला सवय आहे.

माझा घसा बघायचाय? कशाला? दहा दिवसांच्या गोळ्या आणि तीन इंजेक्शनं — माझ्या घशात आता साधा खोकलासुद्धा उरला नसेल. ही माझी नळी राहू द्या इथे, येईल तेव्हा भरेन. जा तुम्ही. ही माफी मागेल, तिला मी मागू देणार नाही. मॅडमची माफी मलाच मागायचीय, ते मी माझं बघतो. नातीची तर — ते राहू द्या. रजेच्या कारकुनालासुद्धा मी सोडलं. माफी मागायची राहिली आहे ती एकाच माणसानं, आणि या घरातून त्याची पेटी उचलण्याआधी त्यानं ती मागावी, माझ्यासमोर, तो पेला हातात धरून — जा ना, बघताय काय? — माझ्या साडूनं.